'टॉर्च' पॅनल: आकडे आठ, कामाचा जेमतेम एक

दादरपासून बोरिवलीपर्यंत खासगी लॅबच्या गरोदरपणाच्या पॅकेजांत 'टॉर्च' नावाचं पॅनल, म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांच्या रक्तचाचण्यांचा संच, हमखास डोकावतं. घरी येऊन तीन-चार मिली रक्त घेतात, उपाशी राहावं लागत नाही, एक-दोन दिवसांत रिपोर्ट फोनवर येतो. सेवेला नावं ठेवायला जागा नाही. प्रश्न आहे तो चार आकडी बिल भरून हातात काय पडतं याचा.

टॉर्च म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा, 'अदर्स' म्हणजे इतर, रुबेला (जर्मन गोवर), सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणू) आणि हर्पिस यांची अद्याक्षरं. त्यातला टॉक्सोप्लाझ्मा विषाणूच नव्हे, तो परजीवी आहे. पॅनल मोजतं ते प्रतिपिंड, म्हणजे संसर्गाशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं: आयजीएम आधी येणारे, आयजीजी नंतर येऊन टिकणारे. चौघांचे आयजीएम आणि आयजीजी मिळून आठ आकडे येतात. हर्पिसचे दोन प्रकार वेगळे मोजले तर दहा. गंमत अशी, की 'इतर' या खणात हिपॅटायटिस बी, एचआयव्ही, सिफिलिस, कांजिण्या असे खरे महत्त्वाचे आजार बसतात आणि बहुतेक पॅनलांत नेमका तोच खण रिकामा असतो.

सगळा घोळ आयजीएमचा. ताज्या संसर्गात ते आधी वाढतं हे खरं, पण सीएमव्हीचं आयजीएम कित्येक महिने रक्तात रेंगाळतं. संधिवाताचा आरए फॅक्टर असेल तर ते खोटंच पॉझिटिव्ह दिसू शकतं. केस-नखांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसनेही काही मशिनांचे आकडे बिघडतात, म्हणून ती गोळी चालू असेल तर सॅम्पल देण्याआधीच लॅबला सांगावं. हर्पिसच्या आयजीएमवरून तर कुठलाच निर्णय घेता येत नाही. लक्षण नाही, सोनोग्राफी स्वच्छ, आणि तरीही आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर बहुधा दोष चाचणीचा असतो. एवढ्या एका आकड्यावर औषधांचा कोर्स सुरू करणं किंवा गर्भपाताचा विचार करणं साफ चूक.

अशा वेळी करायचं काय? सीएमव्ही किंवा टॉक्सोप्लाझ्मासाठी त्याच सॅम्पलवर 'आयजीजी अ‍ॅव्हिडिटी' मागावी. प्रतिपिंड जंतूला किती घट्ट धरतात हे ती मोजते, आणि पकड काळानुसार घट्ट होत जाते. गरोदरपणाच्या पहिल्या 12 ते 16 आठवड्यांत अ‍ॅव्हिडिटी जास्त आली तर संसर्ग किमान तीन महिने जुना, म्हणजे बहुधा गर्भ राहण्याआधीचा. हीच चाचणी 24व्या आठवड्यात केली तर पैसे वाया, कारण तेव्हा 'तीन महिने जुना' हे गरोदरपणातलंही असू शकतं. दुसरं सॅम्पल दोन-तीन आठवड्यांनी द्यायचं असेल तर लॅब बदलू नये. प्रत्येक मशिनची एककं वेगळी, आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

आयजीजीसमोर लाल ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह' छापणारे रिपोर्ट मात्र चक्क दिशाभूल करतात. रुबेलाचं आयजीजी पॉझिटिव्ह असणं ही चांगली बातमी आहे, आईला संरक्षण आहे. सीएमव्हीचं तर आपल्याकडे बहुतेक बायकांचं पॉझिटिव्ह असतंच. त्याने धोका पुष्कळ कमी होतो, पण शून्य होत नाही. जुना विषाणू पुन्हा डोकं वर काढू शकतो.

बाळाची गोष्टही इथेच सुरू होते. आयजीजी वारेतून बाळाकडे जातं, आयजीएम जात नाही. हा पुरवठा मुख्यतः 28 आठवड्यांनंतरचा, म्हणून दिवस पूर्ण भरलेल्या बाळाकडे आईइतकी किंवा जास्त शिदोरी असते आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ रिकाम्या हाताने येतं. कांजिण्यांत हे स्पष्ट दिसतं: प्रसूतीआधी पाच दिवस ते नंतर दोन दिवस या काळात आईला पुरळ आलं, तर विषाणू पोचतो पण प्रतिपिंड बनून पोचायला वेळच उरत नाही. अशा बाळाला लगेच तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागतं. ही शिदोरी काही महिन्यांत संपते. 2022च्या गोवराच्या साथीत मुंबईत नऊ महिन्यांखालच्या बाळांचीही चिंता होती ती यामुळेच. डेंग्यूत उलटं घडतं: आईचे प्रतिपिंड ओसरून अर्धवट उरले, की पहिल्या वर्षात बाळाचा आजार उलट बळावू शकतो.

मग पॅनलमध्ये कामाचं काय? रुबेला आयजीजी, आणि तेही गर्भधारणेआधी. निगेटिव्ह आलं तर लस घ्यावी आणि महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. गरोदरपणात ही जिवंत लस चालत नाही, प्रसूतीनंतर चालते, अंगावर पाजत असतानाही. पहिल्या 12 आठवड्यांत रुबेला झाला तर बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयदोष यांचा धोका फार मोठा, म्हणून ही एकटी चाचणी सुटी मागावी.

वाचलेल्या पैशांत फ्लूची निष्क्रिय विषाणूंची लस घ्यावी. ती आईला जपते आणि बाळाला पहिले काही महिने. एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी या तपासण्या पालिकेच्या प्रसूतिगृहांत मोफत होतात. आई हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लस 24 तासांच्या आत आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) शक्यतो 12 तासांच्या आत. नाव नोंदवतानाच ते इंजेक्शन तिथे आहे का हे विचारावं. रात्री अडीचला शोधाशोध नको. पावसाळ्यात ताप आला तर पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस1 चाचणी, गोळी फक्त पॅरासिटामॉलची. आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःहून नाही. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय, कारण दूषित पाण्यातून येणारा हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत जीवघेणा ठरू शकतो.

सॅम्पल घेण्याच्या सोयीला पाचपैकी साडेचार, सरसकट सगळ्यांना विकल्या जाणाऱ्या पॅनलला एक. अंगावर पुरळ व ताप, रुबेलाच्या रुग्णाशी संपर्क किंवा सोनोग्राफीत गर्भात खोट, यांपैकी काही असेल तर डॉक्टर ज्या विषाणूचं नाव लिहितील त्याचीच चाचणी करावी. आणि जन्मानंतर सीएमव्हीची शंका आली तर बाळाच्या रक्ताचं टॉर्च नको. लघवीची किंवा लाळेची पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी चाचणी हवी, 21 दिवसांच्या आत. लाळ पाजल्यानंतर तासाभराने घ्यावी, नाहीतर आईच्या दुधातलाच विषाणू सापडतो.