खाचेसाठी २४ सपाट दातांचं ब्लेड: वापरून पाहिल्यावर

ड्रॉवरचा तळ बसवायच्या खाचा, पेटीच्या कोपऱ्याचे बोटासांधे (हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे सांधे) आणि फ्रेमच्या कोपऱ्यात घालायच्या पट्ट्या, एवढ्याच कामांसाठी टेबल सॉचं (टेबलातून वर आलेल्या गोल करवतीचं) हे ब्लेड घेतलं. व्यास २५४ मिमी, २४ कार्बाइड दात, कापाची जाडी ३.२ मिमी. सगळ्या दातांचा माथा सपाट घासलेला.

‘दात जास्त तेवढा काप साफ’ हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आरपार कापाला ते बरंचसं लागू पडतं. खाचेत मात्र तळ शिल्लक राहतो आणि त्यावर दाताच्या माथ्याचा ठसा उमटतो. नेहमीच्या ६० किंवा ८० दाती ब्लेडचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे तिरपे घासलेले असतात. त्यामुळे दोन्ही कडांना खोल चर पडतात आणि मधे उंचवटा राहतो. दाताचा तिरपेपणा १५ अंशांचा आणि काप ३.२ मिमीचा धरला तर हा फरक जवळजवळ ०.४ मिमी होतो. ड्रॉवरच्या खाचेत तो कोणाला दिसत नाही. पण बोटासांध्यात फळीच्या टोकाला प्रत्येक बोटाच्या बुडाशी दोन बारीक शिंगं दिसतात, आणि पॉलिश चढलं की जास्तच उठून येतात.

५० दाती कॉम्बिनेशन ब्लेड (उभ्या-आडव्या दोन्ही कापांना चालणारं) आधीपासून आहे. त्यात चार तिरपे दात आणि मग एक सपाट, असे गट असतात. सपाट दातामुळे तळ बराचसा साफ येतो, पण तो किंचित बुटका, म्हणून कोपऱ्यातली चराची रेघ काही जात नाही. या नव्या ब्लेडने ती गेली. सहा मिमीची खाच दोन फेऱ्यांत काढली, तरी पटाशीने तळ साफ करावा लागला नाही. दुसऱ्या फेरीत एका बाजूला लाकूडच नसतं, तिथे पातळ, २.४ मिमीचं ब्लेड त्या बाजूला कलतं. हे जाड असल्याने सरळ चाललं. दातांमधल्या खाचा मोठ्या आहेत, भुसा कोंबून बसत नाही.

आता खोट. लाकडाच्या रेषेला, म्हणजे तंतूंच्या दिशेला, आडवं कापताना हे ब्लेड वाईट आहे, आणि वरचा पापुद्रा आडवा येणाऱ्या प्लायवर तर फारच. तिरप्या दाताचं टोक तंतू आधी चिरतं. सपाट दात अख्ख्या रुंदीने एकदम येऊन कडेचे कपचे उडवतो. शिवाय सहा मिमी खोलीला एका वेळी जेमतेम एक-दोन दात लाकडात असतात. आडव्या खाचेला मी कापायच्या जागेवर मास्किंग टेप लावतो, पहिली फेरी मिलिमीटरभरच घेतो आणि टेबलावर ब्लेडला घट्ट बसणारी पट्टी टाकतो. तरी कडा ६० दातीइतकी स्वच्छ येत नाही. तिथे मला ५० दातीच बरं वाटतं, कोपऱ्यातल्या रेघेसकट.

माझ्या ब्लेडचा एक दात बाकीच्यांपेक्षा केसभर उंच असावा. तळावर एक पुसट रेघ येते. बोटाने लागत नाही, तिरपा टॉर्च धरला की दिसते. धार लावायला जाईल तेव्हा सगळे माथे एका उंचीला घासून घ्यायला सांगेन. माथा साधा सपाट असल्याने धार लावणाऱ्यालाही हे काम सोपं.

फक्त प्लायची कपाटं करणाऱ्याने हे घेऊ नये. घन लाकडात रेषेच्या दिशेने खाचा काढणाऱ्याने जरूर घ्यावं, दुसरं ब्लेड म्हणून.