टायटॅनियाचे कोटेड मणी: पावडरीची कटकट गेली, पण स्टिरर लावू नका

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी टायटॅनियम डायऑक्साइडचं (म्हणजेच टायटॅनिया, यूव्ही प्रकाशात पाण्यातला रंग तोडणारा कॅटॅलिस्ट) कोटिंग असलेले काचेचे मणी मागवले होते, 100 ग्रॅमचं पाकीट, तीन महिने वापरून झाले म्हणून लिहितेय. सप्लायरचं नाव टाकत नाही, उगाच वाद नको.

आधी पी-25 (टायटॅनियाचीच तयार मिळणारी बारीक पावडर) वापरायचो. कामाला एक नंबर, पण कण 20-21 नॅनोमीटरचे, एकदा पाण्यात मिसळली की ताक होतं नुसतं, खाली बसायचं नाव नाही. सिरिंज फिल्टर दोन सॅम्पलमध्ये चोंदतो, मग सेंट्रिफ्यूजसाठी बायोटेकवाल्यांच्या विनवण्या करा. मणी असले की गाळायची भानगडच नाही, पाणी ओतून घ्यायचं आणि मणी तसेच दुसऱ्या रनला, म्हणून गाईड सरांच्या मागे लागून ऑर्डर टाकायला लावली.

टेस्ट नेहमीचीच, मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग 10 पीपीएम, 365 नॅनोमीटरचा यूव्ही दिवा, आणि दिवा लावायच्या आधी अर्धा तास अंधारात ठेवायचं, कारण थोडा रंग नुसता मण्यांना चिकटूनच उतरतो आणि तो डिग्रेडेशन म्हणून मोजला की व्हायव्हाला वाट लागते. पावडरीला जिथे तासभर पुरायचा तिथे मण्यांना तीन तास लागले. ते चालतं, त्यात मण्यांचा दोष नाही, पावडर सगळ्या पाण्यात पसरलेली असते, इथे रंगालाच मण्यापर्यंत चालत यावं लागतं, शिवाय खालचे मणी वरच्यांच्या सावलीत.

खरी गंमत चौथ्या रनला झाली. तीन तास झाले, डोळ्याला पाणी स्वच्छ, पण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 664 नॅनोमीटरला (जिथे मिथिलीन ब्लू सगळ्यात जास्त प्रकाश शोषतो) रीडिंग काही खाली येईना. मला वाटलं कॅटॅलिस्ट मेला. मग 800 नॅनोमीटरला बघितलं, तिथे मिथिलीन ब्लू काहीच शोषत नाही म्हणजे शून्य यायला पाहिजे, तर तिथेही रीडिंग! लेझर पॉइंटर मारला बीकरमधून, लाल रेघ आरपार दिसली, आणि अशी रेघ पाण्यात बारीक कण तरंगत असले तरच दिसते. म्हणजे कोटिंग सुटून पाण्यात आलेलं. ओला मणी अंगठ्याने चोळला तर खडूसारखं पांढरं बोटाला. मॅग्नेटिक स्टिररवर मणी एकमेकांवर घासून घासून सोलले गेले होते, म्हणजे ज्या गाळण्यापासून सुटायला एवढे पैसे घातले तेच परत नशिबी.

सप्लायरला फोन केला. म्हणाले, मॅडम, वापरायच्या आधी धुऊन घ्यायचे. अहो, धुतलेच होते! काच सोडा-लाइम आहे की बोरोसिलिकेट विचारलं तर उत्तर, "काच आहे मॅडम, चांगली काच आहे." हे विचारायचं कारण, कोटिंग पक्कं करायला मणी भाजतात तेव्हा साध्या (सोडा-लाइम) काचेतला सोडियम कोटिंगमध्ये शिरतो आणि कामगिरी मार खाते.

शेवटी स्टिरर सोडला आणि मणी बोरोसिलिकेटच्या नळीत ठासून भरले, छोटा पंप लावून पाणी फिरवत ठेवलं, बाजूला दिवा, टाकीत एअर पंपाचा बुडबुडा (ऑक्सिजन लागतोच). मणी हलत नाहीत त्यामुळे घासत नाहीत. पहिलं धुण्याचं पाणी गढूळ आलं, नंतर लेझरची रेघ दिसली नाही, आणि पुढचे सहा रन नीट झाले.

घरचे विचारतात इचलकरंजीच्या कापड प्रोसेसचं रंगीत सांडपाणी होईल का याने साफ. आत्या, नाही होणार. त्या गडद पाण्यात दिवा बोटभरही आत जात नाही, आणि त्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल (प्रकाशात टायटॅनियावर तयार होणारे, रंग तोडणारे कण) आधीच खाऊन टाकतात. मुख्य ट्रीटमेंट झाल्यावर उरलासुरला फिकट रंग काढायला कदाचित.

5 पैकी 3. एक मार्क कोटिंगसाठी कापला, एक त्या "चांगल्या काचे"साठी. घेणार असाल तर आधी 10 ग्रॅम सॅम्पल मागा, ओला करून अंगठ्याने चोळा, बोट पांढरं झालं तर परत पाठवा. माझ्याकडे मूठभर उरलेत, कोल्हापुरात कुणाला ट्रायल घ्यायची असेल तर कमेंट करा.