पहारा की वेगळी बाजू?
शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत प्रतिस्पर्ध्यावर पहारा ठेवायचा, म्हणजे त्याच्या जवळच राहून त्याला निसटू द्यायचं नाही, की बाकी होड्यांचा ताफा सोडून मार्गाच्या एका कडेला निघायचं?

पहाऱ्यात जोखीम कमी, पण दमछाक फार. प्रतिस्पर्धी वळला की आपणही वळायचं, आणि प्रत्येक वळणावर शीड फडफडतं, वेग पडतो. तरी फळ मोठं: २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये लेझर या एकट्याने चालवायच्या छोट्या होडीच्या प्रकारात ब्रिटनच्या बेन एन्स्लीने शेवटच्या शर्यतीत ब्राझीलच्या रॉबर्ट शाइटला रोखूनच सुवर्ण मिळवलं.

कडेला श्रम कमी, पण वारा उलटा फिरला तर सगळा ताफा पुढे जातो.

गुणांत पुढे असाल तर पहाराच. शेवटची शर्यत आहे, मागे आहात आणि त्या बाजूचं पाणी जास्त वाऱ्याने काळवंडलेलं खरंच दिसतंय, तरच कडा धरा. नुसत्या वैतागाने नको.