लाल दिव्याकडे बघत राहा

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना नुसती गंमत वाटणार नाही. 49,498 रुपये. टीव्हीचा आवाज वाढवायच्या एका बटणापायी गेले.

2023 च्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटची बटणं पार झिजली होती. आई पाचचं बटण अंगठ्यानं नाही, चमच्याच्या दांड्यानं दाबायची. सांगलीत गणपती पेठेतून 180 रुपयांना नवा रिमोट आणला. त्यानं चॅनल लगेच बदलायला लागले. आवाज आणि टीव्ही चालू-बंद करणं मात्र होईना, कारण ती कामं टीव्हीची, बॉक्सची नव्हेत. अशा रिमोटवर एका कोपऱ्यात टीव्हीसाठी तीन-चार बटणं वेगळी असतात आणि ती टीव्हीच्या मूळ रिमोटकडून शिकवून घ्यावी लागतात. जुन्या रिमोटला ते कुणीतरी कधीतरी शिकवून ठेवलं होतं. आईला दोन रिमोट सांभाळता येत नाहीत. शिवाय टीव्हीचा मूळ रिमोट आम्ही अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो, तो ती बाहेर काढू देत नाही.

दुकानदार म्हणाला होता, "कंपनीला फोन करा, सांगतील." मी मोबाइलवर कंपनीचं नाव आणि कस्टमर केअर असं टाकलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. तो दहा आकडी साधा मोबाइल नंबर होता, हे आज कळतंय. तेव्हा वाटलं, चला, लगेच उचलला तरी.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, पण बोलणं इतकं आर्जवी की जावई सासरी आलाय असं वाटावं. मला पटलं ते त्याच्या ज्ञानामुळे. दोन्ही रिमोट समोरासमोर, नाकाला नाक लावून ठेवा, मध्ये दोन बोटांचं अंतर. टीव्हीचा रिमोट जाड असेल तर दुसऱ्याखाली काहीतरी घाला, दोघांची डोकी एका पातळीत आली पाहिजेत. मी काड्यापेटी घातली. एवढं बारीक सांगणारा माणूस कंपनीचाच असणार, नाही का? पुढे कळलं की हे सगळं खरंच असंच करतात. त्याचं खोटं फक्त तीन ठिकाणी होतं, बाकी सगळं खरं.

पहिलं खोटं म्हणजे नोंदणी. नवा रिमोट 'सर्व्हरवर चढवायला' दहा रुपये भरायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली, वर कंपनीचं चिन्ह, खाली डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे. भरले. 'फेल' आलं. पुन्हा भरा म्हणाला, पुन्हा भरले. आई शेजारीच शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "अरे, टीव्हीचा आवाज वाढवायला तुझ्याकडे पैसे कशाला मागतोय तो?" मी तिला म्हटलं, "आई, जरा थांब. तुला त्यातलं कळत नाही."

दुसरं खोटं, एक 'सपोर्ट अ‍ॅप'. अ‍ॅप बनावट नव्हतं. स्टोअरवर उघड मिळतं, ऑफिसांमधले कॉम्प्युटरवाले दुसऱ्याचा स्क्रीन बघायला वापरतात. उघडल्यावर त्यात जो नंबर दिसला तो त्यानं वाचून दाखवायला सांगितला, मग परवानगी विचारली तिथं 'हो' दाबायला सांगितलं. त्या क्षणापासून माझ्या मोबाइलवर जे मला दिसत होतं ते त्यालाही दिसत होतं.

तिसरं खोटं सगळ्यात हुशारीचं, आणि मी हे लिहायला बसलो ते त्यासाठीच. तो म्हणाला, डाव्या अंगठ्यानं नव्या रिमोटचं सेटअपचं बटण दाबून धरा, सोडायचं नाही. उजव्या अंगठ्यानं टीव्हीच्या रिमोटचं आवाजाचं बटण दाबा, तेही सोडायचं नाही. मोबाइल स्पीकरवर टाकून लांब ठेवा, त्याच्या उजेडानं सेन्सर गोंधळतो. मी मोबाइल मागच्या शोकेसमध्ये, गणपतीच्या मूर्तीशेजारी ठेवला. "सर, बस लाल लाइट को देखते रहिए. जब दो बार ब्लिंक करे, बताइए."

आता चित्र बघा. पन्नाशीचा माणूस टीपॉयवर ओणवा, दोन्ही अंगठे दोन बटणांवर, डोळे मोहरीएवढ्या लाल दिव्यावर, मोबाइल पाठीमागे. मागून 'टिंग' आवाज आला. "सर, वो हमारे सर्व्हर का मेसेज है, लाइट मत छोड़िए." पुन्हा टिंग. मग आणखी काही. माझा अंगठा दुखायला लागला तरी मी सोडला नाही. दिवा काही लवेना.

त्या टिंग म्हणजे ओटीपी होते, आणि त्यांच्या पाठोपाठ पैसे कापल्याचे बँकेचे मेसेज. 19,999, पुन्हा 19,999, मग 9,500. मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. हे मी बँकेत शपथेवर सांगितलं आणि ते खरंच होतं. सांगायची गरजच नव्हती. आपल्याला इतकी वर्षं 'ओटीपी सांगू नका' एवढंच शिकवलंय, तो दिसू देऊ नका हे कुणी शिकवलं?

फोन कटला तेव्हा मला वाटलं रेंज गेली.

पुढचं भराभर सांगतो. मेसेज वाचले, हातपाय गार पडले, आधी कार्ड बंद केलं, मग 1930 लावला. फसवणूक होऊन चाळीसेक मिनिटं झाली होती. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे आणि तिथं लवकर कळवण्याला महत्त्व असतं, कारण पैसे ज्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये गेले तिथून पुढे सरकायच्या आत ते अडवता येतात. माझे 9,500 वॉलेटमध्ये अडवले गेले. ते कोर्टाचा आदेश घेऊन चार महिन्यांनी परत मिळाले. बाकीच्या पैशांची म्हणे कुठल्याशा साइटवर खरेदी झाली होती.

बँकेत मी रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक छापूनच घेऊन गेलो. त्यात चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकाचं नुकसान शून्य, असं होतं. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर, असंही होतं. साहेबांनी शांतपणे दुसरा परिच्छेद दाखवला. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर तो कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कार्डाचे आकडे मी स्वतःच्या हातानं भरले होते. मग काय बोलणार? उठलो.

रिमोट तसाच पडून होता. आठवड्यानं आमच्या गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत त्यांच्याकडे दोन्ही रिमोट घेऊन गेलो. सगळी कहाणी त्यांनी मान हलवत ऐकली. सेटअपचं बटण दाबून धरण्याचा भाग आला तेव्हा मला मध्येच थांबवलं. "दाबून धरायचं नसतं. दिवा लागला की सोडायचं. दाबून धरलं तर तो शिकणार कधी?"

म्हणजे मुद्दाम. माझे दोन्ही हात गुंतून राहावेत म्हणून.

काकांनी काय केलं ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. आधी टीव्हीचा रिमोट माझ्या मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. स्क्रीनवर त्याच्या टोकाचा दिवा जांभळट पांढरा चमकला. रिमोटचा उजेड इन्फ्रारेड, डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला बहुधा दिसतो. म्हणजे रिमोट जिवंत आहे. हा उजेड सेकंदाला साधारण 38 हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याच्या लहान-मोठ्या तुकड्यांत बटणाचा संकेत असतो. नवा रिमोट तेवढाच बघतो आणि लक्षात ठेवतो. मग दोन्ही रिमोट नाकाला नाक. सेटअपचं बटण दिवा पक्का लागेपर्यंत दाबलं, सोडलं. नव्या रिमोटवरचं आवाजाचं बटण एकदा दाबलं. टीव्हीच्या रिमोटचं आवाजाचं बटण दाबलं. दिवा दोनदा लवला. असंच आवाज कमी, असंच पॉवर. शेवटी पुन्हा सेटअप. दोन मिनिटंही लागली नाहीत. बटणांची नावं आणि क्रम मॉडेलगणिक थोडा बदलतो, तो रिमोटच्या खोक्यातल्या चिठ्ठीवर असतो. आमचं खोकं दुकानातच राहिलं होतं.

"यात सर्व्हर कुठं आला?" काका म्हणाले. कुठंच नाही. या रिमोटाला इंटरनेट नाही, सिम नाही, त्याची नोंदणी करायची जागाच नाही. टीव्हीला लावून इंटरनेटवरचे कार्यक्रम बघायच्या स्टिकचे ब्लूटूथवर चालणारे रिमोट वेगळे, ते त्या स्टिकशी जोडावे लागतात, पण त्यालाही तुमचं डेबिट कार्ड लागत नाही. एवढं मला आधी ठाऊक असतं तर 'सर्व्हर' हा शब्द ऐकताच फोन ठेवला असता. कंपनीचा खरा नंबर हवा असेल तर तो बॉक्सच्या खालच्या स्टिकरवर किंवा बिलावर बघा. आमच्या बॉक्सखाली होता, धुळीखाली.

काकांनी पैसे घेतले नाहीत. "तुम्ही आधीच भरलेत," म्हणाले. जरा लागलंच ते.

काकांकडून येऊन दोन दिवस होतात तोच पुन्हा त्या फसवणाऱ्याचा फोन आला. नंबर वेगळा, आवाज तोच, तेच आर्जव. "सर, आपका रिमोट चालू हुआ क्या?" म्हणे चुकून कापलेले पैसे परत करायचे आहेत, तेच अ‍ॅप एकदा उघडा. मी हो-हो म्हणत नंबर लिहून घेतला आणि पोलिसांना दिला. संध्याकाळपर्यंत तोही बंद झाला होता. आईनं विचारलं, कुणाचा फोन होता? सांगितलं. तिनं नव्या रिमोटनं टीव्हीचा आवाज दोन पायऱ्यांनी वाढवला.