मोरजीच्या मंद वाऱ्यात १५ मीटरचा काईट : एका हंगामानंतर

काईटबोर्डिंग म्हणजे काईटच्या, म्हणजे मोठ्या पतंगाच्या, ओढीने बोर्डावर उभं राहून पाण्यावर धावणं. गोव्यात मोरजीला फेब्रुवारी ते एप्रिल दुपारी खारे वारे सुटतात, पण बरेच दिवस ते १०-१२ नॉट्सवरच रेंगाळतात. काईटच्या साइझचा (चौरस मीटरमध्ये, बोलताना नुसतं मीटर) ढोबळ हिशेब सोपा : किलोमधलं वजन गुणिले २.२, भागिले नॉट्स. ७५ किलो आणि ११ नॉट्सला बरोबर १५ मीटर येतात. मधे एकच स्ट्रट (काईटला आकार देणारी हवा भरलेली नळी) असलेला हलका काईट घेतला तर तो वाऱ्याच्या झुळका पडल्या तरी हवेत टिकतो. तीन-पाच स्ट्रटवाला तेवढ्यात खाली येतो.

मग थेट १७ मीटरच का नको? कारण ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वारा ११ वरून ८ नॉट्सवर आला की ती जवळपास निम्मी होते आणि १७ चा काईट त्या उरलेल्या ओढीत जेमतेम १३ टक्के भर घालतो. शिवाय तो वळायला आणखी सुस्त. खरं तर आधी बोर्ड बदलावा. १३६ × ४१ ऐवजी १५५ × ४५ सेंटीमीटरचा, टोकांना कमी वळलेला बोर्ड घेतला की पृष्ठभाग पाव हिश्शाने वाढतो. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर ते बोर्डावर घाला.

सुरुवातीला सगळेजण बार (काईट चालवायचा दांडा) छातीशी ओढून धरतात, तिथेच गाडी अडते. काईट गुदमरतो, मागे सरकतो आणि पाठीवर पडतो. बार हातभर सोडायचा, काईटला वर-खाली नागमोडी फिरवत ठेवायचं, बोर्ड सपाट ठेवून आधी थोडं वाऱ्याबरोबर धावायचं. वेग आला की मगच बोर्डाची कड पाण्यात लावून वाऱ्याच्या वरच्या अंगाला चढायचं. उलट क्रमाने केलं तर बोर्ड बुडतो.

दोन-तीन महिन्यांनी तोच काईट त्याच वाऱ्यात मागे पडू लागला तर दोष काईटला देण्याआधी दोऱ्या मोजा. बहुतेक भार पुढच्या दोऱ्यांवर असतो, म्हणून त्या जास्त ताणल्या जातात. परिणामी मागच्या आखूड ठरतात आणि काईट कायम ओढलेल्या बारसारखा वागतो. चारही दोऱ्यांची टोकं खांबाला एकत्र बांधा, ट्रिम (पुढच्या दोऱ्यांची लांबी कमी-जास्त करणारा पट्टा) पूर्ण सोडा, बार पूर्ण आत ओढून सगळ्या सारख्या ताणा. मागच्या आखूड निघाल्या तर दोन्ही बाजूंना एकेक गाठ बाहेर जोडा. पाच सेंटीमीटरचा फरकही मंद वाऱ्यात पुरेसा घात करतो. जोरदार वाऱ्यात तो कळतही नाही, म्हणून कोणी तपासत नाही.

काईट पाण्यात पडलाच तर बाहेरच्या बाजूची मागची एकच दोरी सावकाश ओढून धरा आणि थांबा. पोहत मागे सरकलात तर दोऱ्या ताठ राहतात. सात नॉट्सखाली मात्र तो उठेलच असं धरू नका. आणि सकाळी मतलई वारे असताना कितीही मोह झाला तरी नाही, ते समुद्राकडे नेतात. सुरूच्या बनामागे उभं राहून वाऱ्याचा अंदाजही घेऊ नका, तिथे तो आडोशाने कमी लागतो.