तीन फुटी रीफ टँक: पावसाळा, हिवाळा आणि पूर्ण उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावायचा म्हटलं की दुकानात पहिला विषय निघतो लाइटचा आणि दुसरा स्किमरचा, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा. बजेटचा मोठा हिस्सा तिथेच संपतो. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सगळे ऋतू काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: आपल्याकडे रीफ टँक टिकतो तो पाणी, तापमान आणि वीज गेल्यावरची सोय या तीन गोष्टींवर. आधी पैसे तिथे घाला, लाइट नंतर वाढवता येतो.

माझा टँक 36 बाय 18 बाय 18 इंचांचा, 10 एमएम काचेचा, खाली कपाटात संप, म्हणजे पंप-स्किमर वगैरे ठेवायची जोडटाकी. टँकमध्ये साधारण 190 लिटर मावतात. पाणी, काच, दगड, संप आणि स्टँड मिळून वजन तीनशे किलोच्या वर जातं, त्यामुळे जागा हॉलच्या मध्यात न घेता बीमजवळच्या भिंतीला लागून घेतली. स्टँड मरीन प्लायचा करून घेतला आणि आतल्या सगळ्या कडा रंगाने बंद केल्या. लोखंडी अँगलचा स्टँड स्वस्त पडतो, पण खारं पाणी थेंब-थेंब उडत राहतं, मिठाचा थर चढतो आणि वेल्डिंगच्या जोडापासून गंज सुरू होतो. स्क्रू, बिजागऱ्या, क्लिपा, जे काही संपजवळ येणार ते प्लास्टिकचं किंवा चांगल्या स्टीलचंच घ्या.

आता पाणी. स्वयंपाकघरातला आरओ यासाठी चालत नाही, आणि हे आधीच सांगणारे विक्रेते फार कमी. घरगुती आरओमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो गाळलेल्या पाण्यात कच्चं पाणी परत मिसळतो. शिवाय हल्ली बऱ्याच मॉडेलमध्ये तांब्याचं कार्ट्रिज असतं. माणसाला ते चालतं, पण कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना तांबं अगदी कमी प्रमाणातही विषारी ठरतं. म्हणून वेगळा साधा आरओ घ्यावा, पुढे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनचा डबा जोडावा आणि पाणी शून्य टीडीएसवर आणावं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर सुरू होतात, तेव्हा येणाऱ्या पाण्याचा टीडीएस महापालिकेच्या पाण्याच्या कितीतरी पट असतो आणि रेझिन भराभर संपतं. रेझिनचा एक जादा पॅक एप्रिलमध्येच आणून ठेवतो. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला आणि गाडी धुवायला वापरतो.

मिठाचा हिशोब सोपा आहे. 20 लिटर पाण्याला साधारण पाऊण किलो मीठ (टँकसाठीचं सागरी मीठ, स्वयंपाकाचं नव्हे) लागतं. दर रविवारी तेवढंच पाणी बदलतो, म्हणजे सुमारे दहा टक्के. मीठ शनिवारी रात्रीच टबमध्ये छोट्या पंपाने ढवळत ठेवायचं, सकाळी क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) 35 पीपीटी, म्हणजे हजार भागांत 35 भाग, आहे का बघायची, तापमान टँकइतकं आणायचं आणि मगच ओतायचं. 20 किलोची बादली अशी सहा महिने पुरते. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर मात्र 35 पीपीटीच्या द्रावणानेच जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्याने शून्यावर आणलेलं यंत्र वरच्या टोकाला चुकीचा आकडा दाखवू शकतं. कोकणात जाणारे मित्र समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणायची तयारी दाखवतात. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी, तेल आणि पावसाळ्यात गोडं पाणी किती मिसळलंय ते घरी कळत नाही, त्यामुळे मी नम्रपणे नाही म्हणतो.

तापमानात खरी परीक्षा असते. प्रवाळांना 25 ते 27 अंश मानवतात. मेमध्ये दुपारी हॉल 33 अंशांवर जातो, त्यात पंपांची उष्णता भर घालते. काठावर लावलेले छोटे पंखे बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरवतात आणि पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये तेवढं पुरतं. जूनमध्ये हवा दमट झाली की तेच पंखे नुसता वारा घालत राहतात. ठाणे-मुंबईला तर वर्षातला बराच काळ हीच गत, तिथे पहिल्या दिवसापासून चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, धरून चाला. मी एक दशांश एचपीचा चिलर घेतला, टायटॅनियम कॉइलचा. चिलर पाण्यातली उष्णता खोलीत फेकतो. कपाटात ठेवला तर स्वतःच तापवलेल्या हवेशी तो दिवसभर झगडतो आणि बिल वाढतं. माझा बाल्कनीत आहे, भिंतीतून दोन नळ्या गेल्यात, वर पावसापासून आडोसा आहे.

डिसेंबरात उलटा प्रकार. रात्री खोली 20 अंशांपर्यंत उतरते, म्हणून 200 वॉटचा हीटर लागतो. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट अडकून तो चालूच राहणं हा या उपकरणाचा जुना रोग आहे, त्यामुळे मध्ये वेगळा तापमान-नियंत्रक लावलाच पाहिजे. चिलर आणि हीटर दोन्ही त्याच एका नियंत्रकावर ठेवले की ते एकमेकांविरुद्ध चालत नाहीत.

पंखे लावले की पाणी उडतं. मे महिन्यात रोज तीन-चार लिटर सहज. मीठ मागे राहतं, क्षारता चढते. पाणी आपोआप भरणारा एटीओ ही चैनीची वस्तू समजू नका, विशेषतः गणपतीला आठवडाभर गावी जाणार असाल तर. त्याच्या शुद्ध पाण्याचा डबा मात्र मुद्दाम मर्यादित ठेवावा. सेन्सर अडकला आणि डबा सगळा रिकामा झाला, तरी क्षारता धोक्याच्या खाली जाऊ नये इतकाच.

वीज. आमच्याकडे दुरुस्तीसाठी बहुतेक वेळा गुरुवारी जाते, कधी दोन तास, कधी संध्याकाळपर्यंत. प्रवाह थांबला की आधी ऑक्सिजन घटतो, मासे वरच्या थरात येऊन जोरजोरात कल्ले हलवू लागतात. घरच्या इन्व्हर्टरवर सगळा टँक टाकायची गरज नाही. संपमधलं पाणी वर टँकमध्ये ढकलणारा रिटर्न पंप आणि टँकमध्ये प्रवाह खेळवणारा एक वेव्हमेकर, मिळून चाळीसेक वॉट, एवढंच त्यावर घ्या. 150 एएचच्या बॅटरीवर अख्खी रात्र आरामात निघते. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात. रिटर्नच्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत एक भोक पाडलेलं आहे, म्हणजे पंप बंद पडला की हवा शिरून सायफन तुटतो. संपमध्येही उलट येणारं पाणी मावेल इतकी जागा रिकामी ठेवलीय. नवीन टँकवर पाहुणा म्हणून गेलो तरी मी आधी मेन स्विच बंद करून बघायला सांगतो, जमिनीवर पाणी येतं का ते.

बाकी उपकरणांवर थोडक्यात. स्किमर मध्यम दर्जाचा आहे आणि पुरतो. सुरुवातीचे एक-दोन आठवडे तो वेड्यासारखा फेस काढतो किंवा काहीच काढत नाही, तेव्हा रोज स्क्रू फिरवत बसू नये. संपमधली पाण्याची पातळी स्थिर असली की स्किमर स्थिर राहतो. नरम प्रवाळांना 90 वॉटचा एलईडी भरपूर होतो, तोही पूर्ण क्षमतेने लावत नाही, आठ तास पुरे. लाइट, पंप, स्किमर आणि वेव्हमेकर मिळून महिन्याला 65 ते 70 युनिट जातात. चिलर मेमध्ये त्यावर रोजचे दोनेक युनिट आणखी घेतो.

टँकमध्ये काय ठेवायचं, यावर मी आग्रही आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे आहेत. वाघाला जे संरक्षण तेच यांना. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा किनाऱ्यावरचा दगड बऱ्याचदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. मी सिरॅमिकचे कृत्रिम दगड घेतले आणि जिवाणू बसायला दीड महिना थांबलो. नंतर तपकिरी डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) थर आला आणि काही आठवड्यांत आपोआप गेला. आता झोअँथिड, मशरूम आणि एक लेदर कोरल असे नरम प्रवाळ आहेत, तिन्ही दुसऱ्या हौशी लोकांच्या टँकमध्ये वाढलेल्या तुकड्यांतून आलेले. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. त्यांचा दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये, वाफेतूनही बाधा होते.

क्लाउनफिशची जोडी पैदास केंद्रातली आहे. तमिळनाडूतल्या मंडपम आणि केरळातल्या विळिंजमला सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) या माशांची पैदास बसवलीय, आपल्याकडे ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठानची हॅचरी आहे. पैदास केलेला मासा थोडा महाग पडतो, पण पहिल्या दिवसापासून दाणे खातो आणि कोणत्या खडकातून उचलला हा प्रश्न राहत नाही.

टँकमधली माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे डाव्या कोपऱ्यातलं बीळ. तिथे एक गोबी मासा आणि एक पिस्तूल कोळंबी एकत्र राहतात. कोळंबीला दिसतं कमी, ती दिवसभर वाळूचे खडे उचलून बाहेर टाकत असते आणि तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. कुणी जवळ गेलं की गोबी शेपटी जराशी थरथरवतो आणि कोळंबी क्षणात आत. आमची आजी टीव्ही सोडून स्टूल घेऊन तिथे बसते.

चाचण्यांत अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) आठवड्याला बघतो, डीकेएच या एककात 8 ते 9 च्या मध्ये. नायट्रेट आणि फॉस्फेट पंधरवड्याला. नरम प्रवाळ कॅल्शियम फार खात नाहीत, म्हणून पाणी बदलणं पुरतं आणि कॅल्शियम वगैरे थोडं-थोडं सोडणाऱ्या डोसिंग पंपाचा खर्च वाचला. नायट्रेट अगदी शून्यावर आणायच्या मागे लागू नका, 5 ते 10 पीपीएमवर माझे झोअँथिड जास्त फुललेले दिसतात.

रोज पाच-दहा मिनिटं आणि रविवारी दीड तास, इतका वेळ जातो: काच पुसणं, स्किमरचा कप धुणं, पाणी बदलणं. दर तीन महिन्यांनी पंप सोडवून व्हिनेगर आणि पाण्यात भिजवतो, इम्पेलरवरचा (पंपाच्या फिरत्या पात्यावरचा) चुना निघतो आणि आवाज कमी होतो. नव्याने घेणार असाल तर क्रम असा ठेवा: आरओ-डीआय, तापमान-नियंत्रक, वीज गेल्यावरची सोय, एटीओ, रिफ्रॅक्टोमीटर, मग स्किमर. लाइट सगळ्यात शेवटी. चिलरसाठी भिंतीला भोक रंगकामाच्या आधीच पाडून घ्या.