मोठ्या कुत्र्यासाठी खेळणी-खाऊची मासिक पेटी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमचा मोत्या हा चार वर्षांचा, ३४ किलो वजनाचा लॅब्रॅडॉर. भुसावळच्या दुकानांत त्याच्या जबड्याला टिकेल असे खेळणे क्वचितच मिळते. बहुतेक माल पॉमेरेनियनच्या मापाचा असतो. म्हणून नोव्हेंबर ते जून असे आठ महिने आम्ही खेळणी आणि खाऊ यांची पेटी वर्गणी भरून घरपोच मागवली. पहिले चार महिने एका कंपनीची आणि पुढचे चार दुसरीची.

पहिल्या कंपनीकडे नोंदणी करताना ‘मोठा कुत्रा’ असा पर्याय होता आणि तेवढ्यावर मी विश्वास ठेवला. प्रत्यक्षात त्याने फक्त गळपट्ट्याचे माप बदलत होते, खेळणी सगळ्यांना सारखीच होती. दुसऱ्या पेटीतला चेंडू मोत्याच्या तोंडात पूर्ण मावून दाढांच्या मागे सरकू लागला, तेव्हा मी तो लगेच काढून घेतला, कारण असा चेंडू घशात अडकला तर कुत्रा गुदमरतो. तिसऱ्या पेटीतल्या दोरीने मात्र आमची झोप उडवली. अर्ध्या तासात त्याने तिचे एक टोक उसवले, काही धागे गिळले आणि दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. लांब धागा अडकून राहिला तर आतडे त्यावर चुण्या पडून गोळा होते, चिरतेही, आणि मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरत नाही, हे पशुवैद्यांनी समजावले. तिसऱ्या दिवशी सकाळी विष्ठेतून लाल-पांढऱ्या धाग्यांचा गुंता बाहेर पडला, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली.

दुसरी कंपनी निवडण्यापूर्वी मी त्यांना फोन करून चेंडूचा व्यास सेंटिमीटरमध्ये विचारला, खाऊच्या पाकिटावर घटक आणि कॅलरी छापलेल्या असतात का हे विचारले, आणि नको असलेली वस्तू आधी कळवून वगळता येते का, तेही विचारून घेतले. तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली. आलेली खेळणी मी अंगठ्याच्या नखाने दाबून पाहते : नखाचा वळ उमटायला हवा. त्याहून कठीण वस्तू चावताना कुत्र्याची वरची मोठी दाढ फुटू शकते, त्यामुळे शिंगाचा एक तुकडा मी मोत्याला दिलाच नाही.

यांच्या पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे आतून पोकळ असलेले जाड रबरी खेळणे. त्यात घट्ट दही आणि कुस्करलेले केळे भरून (केळ्यांची आपल्याकडे काय वाण!) मी ते रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवते. दुपारी जमिनीवर पाय ठेववत नाही अशा वेळी मोत्या थंड फरशीवर पुढचे दोन्ही पाय त्याच्याभोवती आवळून पाऊण तास चाटत बसतो. इतक्या महिन्यांत त्या रबराला दातांच्या खुणांपलीकडे काही झालेले नाही.

खाऊबाबत दोन अडचणी आल्या. मोत्याला दिवसाला साधारण १५०० कॅलरी लागतात आणि खाऊतून त्यांच्या दहा टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत, असे पशुवैद्यांनी सांगितले आहे. पेटीतली मोठी कांडी एकटीच ९० कॅलरींची असल्याने मी तिचे तुकडे करते आणि त्या दिवशी जेवण थोडे कमी वाढते. दुसरी अडचण आपल्या उन्हाची. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना पेटी तीन दिवस वाटेत राहिली आणि चिकनच्या मऊ पट्ट्यांना तेल सुटून खवट वास आला. कंपनीने त्यांचे पैसे परत केले आणि जूनची पेटी माझ्या विनंतीवरून फक्त खेळण्यांची पाठवली.

आता वर्गणी दर महिन्याऐवजी दोन महिन्यांनी एक पेटी अशी बदलून घेतली आहे, कारण चांगले रबरी खेळणे महिन्याभरात संपत नाही. मऊ खाऊ तूर्त बंद ठेवायला सांगितला आहे. दिवाळीनंतर तो पुन्हा सुरू करीन.